दाराजवळची खूण

स्वयंपाकघरात ओट्यावरून झाकण घसरलं, खणकन फरशीवर पडलं आणि बराच वेळ स्वतःभोवती गरगरत राहिलं. तिने श्वास रोखला. आतल्या खोलीत लेकीने कूस बदलली, पण उठली नाही. हुश्श! दुपारची झोप अजून थोडी शिल्लक होती.

तिने मांडीवरचे कागद सारखे केले. उद्या तिच्या फिल्म कोर्सच्या छोट्या फिल्मचं शूटिंग. गोष्ट एवढीशीच: एक मुलगी दिवसभर बाबांची वाट बघते आणि शेवटी बाबा येतात. मुलगी घरचीच, बाबाही घरचाच. तो परगावी नोकरीला होता, पण शूटिंगला नक्की येतो म्हणाला होता. सकाळी त्याचा निरोप आला, 'जमेल असं वाटत नाही. तुम्ही उरकून घ्या.' मागच्या खेपेलाही शब्द हेच होते. तेव्हा लेकीचा वाढदिवस होता, एवढाच काय तो फरक.

फोन थरथरला. कॅमेरा धरणारा वर्गमित्र. सगळे त्याला दाढी म्हणत.

"ताई, माझा मावसभाऊ उभा करू का? उंच आहे, फुकट आहे."

"आणि ही पोरगी त्याच्या गळ्यात पडेल?" ती कुजबुजली. "परका माणूस दिसला की माझ्यामागे लपते ती."

"मग बाप दाखवूच नकोस ना! दाराबाहेर किल्लीचा आवाज, पोरगी हसते, खेळ खलास. कोण आलं ते बघणाऱ्याला कळतं."

"बघणाऱ्याला कळेल रे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पेन्सिल घेऊन ती शॉटच्या यादीवर वाकली. 'बाबा दारात, डोक्यापासून पायापर्यंत.' काट. त्या जागी 'उंबऱ्यावर बाबांचे बूट.' तिची नजर चपलांच्या मांडणीकडे गेली. बूट तो घालून गेला होता. काट. 'खुंटीला शर्ट अडकवणारा हात.' कपाटात त्याचा एक शर्ट उरला होता. तिने बाहीत आपलाच हात घालून पाहिला. मनगट आतल्या आत हरवलं. काट. शेवटी 'किल्लीचा आवाज' तेवढा राहिला. तो तिने वळणदार अक्षरात लिहिला. शॉट कमी झाले, काम हलकं झालं. सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा.

आता एकच काम उरलं होतं. दाराजवळ फरशीवर निळ्या चिकटपट्टीची फुली होती. नटाने नेमकं कुठे थांबायचं, त्याची ती खूण. "इथे बाबा उभे राहणार," असं तिने लेकीला सांगितलं होतं. तेव्हापासून पोरगी त्या फुलीला वळसा घालून जायची. केर काढताना आईलाही दटावायची, "बाबांच्या जागेवर पाय नको!" काल तर तिने फुलीशेजारी पाण्याचा पेलाही आणून ठेवला होता. आल्या आल्या तहान लागते म्हणून.

आईने पेला बाजूला सरकवला, ती गुडघ्यांवर बसली आणि नखाने पट्टीचं टोक उचललं. चर्र आवाज करत फुली निघून आली.

"आई, काय करतेस?"

लेक आतल्या खोलीच्या दारात उभी होती. गालावर उशीची वळी उमटलेली.

"अगं, आपण थोडं बदललंय. आता बाबा आले की नुसता किल्लीचा आवाज येणार. तू दाराकडे बघायचंस आणि छान हसायचंस. जमेल?"

"त्यात काय!" पोरीने तिथल्या तिथे हसून दाखवलं. दाराकडे बघून, सगळे दात काढून. मग ती आईकडे निघाली. मोकळ्या फरशीपाशी आली आणि सवयीने वळसा घालून पुढे झाली.

आईच्या बोटांना निळ्या पट्टीचा गोळा चिकटला होता. झटकला तरी सुटत नव्हता.

लेकीने तो पाहिला. मग फरशीकडे पाहिलं.

"आई, मग आवाज झाल्यावर बाबा कुठे उभे राहणार?"