‘रंधा’ नावाचा पत्ता

“‘रंधा’ हे नाव तुमच्याकडे आहे ना?” फोनवरच्या माणसाने विचारलं.

मोजणीदारांनी उठून पंखा बंद केला. अशा फोनची त्यांनी पाच महिने वाट पाहिली होती. आणि गेले दोन महिने तो येऊ नये म्हणून मनोमन हात जोडत होते.

जमिनी मोजण्यात उभी नोकरी गेलेला माणूस. निवृत्त होऊन वर्षं लोटली, मग गेल्या वर्षी बायको गेली, तेव्हा पुतणीने हा नाद लावून दिला होता. “काका, इंटरनेटवरची नावं असतात, वेबसाइटच्या पत्त्यांची. मुदत संपली की सुटतात. चांगलं बघून आपण घ्यायचं, कुणाला हवं असलं की विकायचं. डोकं गुंतून राहील तुमचं.” मोजणीदारांनी अकरा नावं घेतली. दहांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

अकरावं ‘रंधा’, सुताराच्या हत्याराचं नाव. ते घेताना त्या नावाच्या पत्त्यावर येणारी ई-मेलची पत्रं आपल्या पेटीत पडतील अशी सोय त्यांनी करून ठेवली. एखादं गिऱ्हाईक लिहील, म्हणून. गिऱ्हाईक आलं नाही. तिसऱ्या दिवशी एका बाईचं पत्र आलं.

‘दादा, महिनाभर माझी पत्रं परत येत होती. असा पत्ताच नाही म्हणे. आज सकाळी दोन ओळी टाकून पाहिल्या, त्या परत आल्या नाहीत. तू गेलास ते मला ठाऊक आहे, डोकं ठिकाणावर आहे माझं. पण परत आल्या नाहीत एवढ्यावर आज मी पोटभर जेवले.’

मोजणीदारांनी तिथल्या तिथे खुलासा करायला हवा होता. त्यांनी उत्तर लिहायला घेतलंही. ‘आपण मला ओळखत नाही’ एवढं लिहून झालं आणि गाडं अडलं. उद्या लिहू म्हणाले. पुढच्या बुधवारी दुसरं पत्र आलं. सुतारकामाच्या शेडची किल्ली शेवटी मालकाला देऊन टाकली. तू केलेलं टेबल डुगडुगायला लागलंय, पायाखाली पुठ्ठा घातलाय, रागावू नकोस.

मग दर बुधवारी. मोजणीदारांच्या पेटीत याआधी विजेच्या बिलाशिवाय काही येत नसे. दुसऱ्याचं पत्र वाचतो याची त्यांना लाज वाटायची, आणि मंगळवार सरता सरत नाही असंही वाटायचं.

“साहेब, ऐकताय ना?” फोनवरचा माणूस म्हणाला. “आमचं फर्निचरचं दुकान उघडतंय. नाव अगदी फिट बसतं. तुम्ही घातलेत त्याच्या चाळीसपट देतो.”

“त्या पत्त्यावर पत्रं येतात,” मोजणीदार म्हणाले.

“कसली पत्रं?”

“आधीच्या मालकाची.”

“एवढंच ना? ती बंद करून टाकू. सगळं साफ करून नव्याने उभं करतो आम्ही. तुम्ही निर्धास्त राहा.”

“नाही विकायचं.”

“अहो, मग घेतलंत कशाला?”

“चुकून,” ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

कुणाला तरी सांगावंसं वाटलं. त्यांनी पुतणीला फोन लावला.

“काका, मीटिंगमध्ये आहे हो. तब्येत बरी आहे ना? विकलं का एखादं?”

“नाही.”

“विकेल, विकेल. रविवारी बोलू निवांत.”

मोजणीदार कॉम्प्युटरसमोर बसले. ‘रंधा’ची मुदत वाढवायचं पान उघडलं. किती वर्षं, असा प्रश्न होता. एक, दोन, पाच, दहा. त्यांचं बहात्तरावं चालू होतं. त्यांनी दहावर बोट ठेवलं. दहाच्या पुढे आकडा नव्हता.

खाली आणखी एक चौकट होती. आपल्याशी संपर्क न झाल्यास कुणाला कळवावं? ती भरल्याशिवाय पान पुढे सरकत नव्हतं.

त्यांनी पुतणीचा पत्ता टाकला. मग त्याकडे नुसते बघत राहिले. पोरगी गुणाची. काकांच्या मागे ती चार दिवसांत सगळं आवरून टाकील. घर, कपाट, अकराच्या अकरा नावं. त्यांनी पत्ता खोडला. दुसरं कोण? ऑफिसातले दोघे आठवले. एक गेला होता. दुसऱ्याचा पत्ता कधी विचारून ठेवला नव्हता. घरात भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज तेवढा येत होता.

‘रंधा’ सुटलं तर ज्याला खरंच फरक पडेल असं जगात एकच माणूस होतं.

मोजणीदारांनी बाईंचा पत्ता लिहिला. चौकटीखाली बारीक अक्षरांत ओळ उमटली, या व्यक्तीला आत्ताच तसं कळवलं जाईल. त्यांचं बोट अडलं. म्हणजे बाईंना कळणार. दादाच्या दारात कुणी परका बसलाय, दोन महिने पत्रं फोडतोय. त्या संतापतील. बुधवार बंद होतील. किंवा त्या विचारतील, कोण तुम्ही?

शेताच्या हद्दीचा दगड तपासावा तसं त्यांनी पत्त्याचं एकेक अक्षर दोनदा तपासलं आणि बटण दाबलं.

‘कळवलं आहे,’ असं पडद्यावर आलं.

मोजणीदार उठले. अंगातल्या बनियनवर धुतलेला शर्ट चढवला, वरपर्यंत बटणं लावली, आणि पुन्हा येऊन बसले.