येथे फोटो काढू नयेत

मकावच्या या कॅसिनोत एकोणीस वर्षं पहारा करतोय, पण एकही फोटो बाहेर जाऊ दिलेला नाही. काल एका बाईंनी पत्त्यांच्या टेबलापुढे सेल्फी काढलाच.

“ताई, डिलीट करा तो. नियम म्हणजे नियम!”

“अहो, माझंच तर थोबाड आहे त्यात!”

“आणि मागे हे कोण?” म्हणत मी फोटो मोठा केला.

मागे आमचे तीर्थरूप! इथल्या आमा देवीची शपथ घेऊन जुगार सोडलेले, सकाळीच उदबत्त्या घेऊन देवळात गेलेले. इथे पत्त्याचा कोपरा वाकवून त्यावर फुंकर मारत होते. मी गर्रकन वळलो, तर खुर्ची रिकामी. आणि आई तर नवऱ्याविरुद्ध अवाक्षर ऐकून घेत नाही.



“ताई, डिलीट करायच्या आधी तेवढा मला पाठवा.”