न शिजणारी डाळ

दुपारभर कोळशाच्या शेगडीवर रटरटूनही तुरीची डाळ शिजली नव्हती. सासूबाईंनी ताट सरकवलं. "तुझ्याही हाताला गुण नाही! थोरल्या सुनेला, मंदाकिनीला ह्यापायीच माहेरी धाडलं. उद्याही डाळ दाताखाली आली, तर तूही चालू लाग. लेकरू मात्र इथंच राहील."

रात्रभर वासंतीने तान्ह्याला छातीपासून दूर केलं नाही. सकाळी त्याला न्हाऊ घालताना ती चमकली. डोंबिवलीच्या ह्या विहिरीच्या पाण्यात मेला साबण कधी फेसाळत नाही, आणि बाळासाठी उकळून निववलेल्या पाण्यात कसा फेसाळतोय! पातेल्याच्या तळाशी चुन्यासारखा पांढरा साका बसला होता. तिने आणखी पाणी तसंच उकळलं, निवळू दिलं, वरचं नितळ तेवढं ओतून घेतलं आणि देवाचं नाव घेत डाळ चढवली.

डाळ लोण्यासारखी शिजली.

पहिल्या घासालाच सासूबाई थबकल्या. वासंतीने साक्याचं पातेलं पुढे केलं. "हात तोच आहे, आई. पाणी तेवढं बदललं."

सासूबाईंनी साका बोटावर घेतला आणि बघतच राहिल्या.

"मग मंदाकिनीला... तिला कशापायी गं धाडलं मी?"