धन्याच्या नावाचा उपास

डॉक्टरांनी काचेच्या नळीतलं निळं औषध दिव्यावर धरलं. त्यात लालासाहेबांच्या लघवीचे चार थेंब टाकले होते. औषध उकळलं, हिरवं झालं आणि बघता बघता विटेसारखं लाल.

"साखर वाढलीय," डॉक्टर म्हणाले. "लढाईमुळं इंजेक्शन सांगलीत मिळेना, म्हणून तर उपास सांगितला होता. दिवसभर पोटात काही नाही, दिवेलागणीनंतर एकदाच जेवण. पाळला का?"

"येक दिस चुकला न्हाई," लालासाहेब छाती काढून म्हणाले.

भाकरीचं गाठोडं मांडीवर घेऊन बाकावर बसलेल्या त्यांच्या बायकोच्या, राहीबाईच्या, तळपायाची आग मस्तकात गेली. चुकला नव्हता हे खरंच. पण पाळला होता तिने. पहिल्याच दिवशी न्याहारी नाही म्हटल्यावर लालासाहेबांनी घर डोक्यावर घेतलं होतं. मग पोटभर जेवून, ढेकर देऊन हुकूम सोडला होता, "नवऱ्यासाठी बायकूचाच उपास फळतोय. तू धर." दरसाल वडाला सूत गुंडाळणाऱ्या बाईने यावर काय बोलायचं? तिने धरला. उसाची लावण उपाशीपोटी केली. चोळ्या ढगळ झाल्या. पण परसात लालासाहेब लघवीला बसत तिथली मुंग्यांची रांग काही हटली नाही. तिथे राख टाकताना तिला रडू यायचं, आणि रडण्याहून जास्त राग.

डॉक्टरांनी लालासाहेबांच्या पायाची चिंधी सोडली. अंगठा काळा पडला होता.

"असंच चाललं तर पाय कापावा लागेल." बोलता बोलता त्यांची नजर राहीबाईच्या गळ्याच्या हाडांवर गेली. "बाई, तुम्हाला काय होतंय?"

"मला कशाला काय हुतंय? उपास हाय माझा," ती म्हणाली. "ह्यांच्या नावाचा."

डॉक्टरांना हसू आलं, ते तिथंच विरलं. "अहो लालासाहेब, एकाने औषध प्यायलं तर दुसऱ्याचा ताप उतरतो का?"

"आवं डाक्टर, औषिद येगळं, उपास येगळा. उपासात पुण्याई आसती." लालासाहेबांनी समजूत घातली. "कमी पडत आसंल तर आजून कडक धरंल की ती. पानी बी सोडंल."

राहीबाईने त्या काळ्या अंगठ्याकडे पाहिलं. मग मांडीवरचं गाठोडं सोडलं. वाटेत धन्याला भूक सोसवत नाही म्हणून बांधून आणलेली भाकरी. लालासाहेबांचा हात सवयीने पुढे आला. तिने गाठोडं आपल्याकडे ओढलं, भाकरी मोडली, ठेचा लावला आणि भर दुपारी, सगळ्यांदेखत, घास तोंडात घातला. डोळ्यांतून पाणी आलं, तरी तिने तो गिळला.

लालासाहेब पहिल्यांदाच घाबरले.

"आगं, उपास मोडलास! आता माझ्या पायाचं कसं हुयाचं?"