बोटावरची शाई

मतदान करून केतकी लिफ्टमध्ये शिरली, तेव्हा तिचं शाईचं बोट कडेवरच्या ओवीच्या मुठीत होतं. हल्लीच्या शाईला मत कळायचं. सोसायटीने ठरवल्याप्रमाणे दिलं तर ती निळी राहायची, नाहीतर लाल व्हायची. केतकीची लाल झाली होती. मागच्या वेळी लाल निघालेल्या बर्व्यांचं घर अजून रिकामंच होतं.

चेअरमन लोंढेकाका आत आले. “काय गं केतकी, यंदा आपण शंभर टक्के ना? दाखव बघू बोट!”

“सोडतच नाही हो ही,” केतकी कसंबसं हसली.

“असू दे, असू दे.” मजला आला तसे काका बाहेर पडता पडता वळले. “ओवीताई, आम्हाला टाटा नाही?”

महिनाभर खपून केतकीनेच तिला टाटा करायला शिकवलं होतं. ओवी खुदकन हसली आणि तिने मूठ उघडली.