पडद्यावरचे संडास

"बाई, गूगलवर आपलं गाव हागणदारीमुक्त आहे की! मग दारोदार कशाला फिरायचं?" सातवीतली प्रणाली कॉम्प्युटरसमोर कुरकुरली.

"गूगल कुणाच्या संडासात डोकावलंय का?" मी म्हटलं. "तू बघून ये."

ती बघून आली, तक्ता केला आणि ग्रामसभेत पडद्यावर दाखवला. एकशेवीस संडासांपैकी बावन्नांत शेळ्या, नाहीतर गोवऱ्या.

सभेतल्या माना खाली गेल्या. सरपंच तेवढे हसले. "लहान आहे पोर. मोजताना चुकली असेल."

प्रणालीचे डोळे भरले, पण आकडा तिने हटवला नाही. "ज्यांनी दार उघडलं, त्यांचंच मोजलंय," ती म्हणाली.

मागून सरपंचांची बायको उठली. "अहो, चुकलीच आहे ती. आपल्या संडासात सरपण रचलंय, ते तिनं कुठं धरलंय? त्रेपन्न कर गं, बाळा."