फाटकाबाहेरचा कोहेन

"आजोबांच्या दगडावरचे हात नीट घास हं, शिफ्रा. शेवाळ धरतं," योइल काहाने कबरस्तानाच्या फाटकाबाहेरच्या बाकावर बसत म्हणाला.

"दरवर्षी सांगता, दरवर्षी घासते." शिफ्राने बादलीत ब्रश टाकला. "एवढा भरवसा नसेल तर या आत, बघा."

दोघंही हसली. योइल आत येणार नाही हे रोमानियातल्या त्या बोतोशानी गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. तो कोहेन, बापाकडून मुलाकडे चालत येणाऱ्या ज्यू पुरोहितांच्या कुळातला. कोहेनाने मेलेल्यांपासून लांब राहायचं. आजोबांची कबर त्याने कधी पाहिली नव्हती, त्याच्या वडिलांनीही नाही. आजोबा वडिलांच्या जन्माआधीच गेले. वडील मामांच्या भरल्या घरात वाढले, मामांचंच काहाने आडनाव लावू लागले, आणि घरातले सगळे काहाने जसे फाटकाशी थांबत तसे तेही थांबत.

नववर्षाच्या आधी जो तो आपल्या माणसांच्या कबरी धुऊन येई. योइलच्या आजोबांची कबर शिफ्रा धुवायची. तिच्या वडिलांचीही तिथेच, पुढच्या ओळीत होती. ते लेवी होते, कोहेनांच्या मदतनिसांच्या कुळातले. सणाच्या दिवशी कोहेन आशीर्वाद द्यायला उभा राहण्याआधी त्याच्या हातांवर पाणी घालायचं काम लेव्यांचं. म्हणून लेव्यांच्या दगडावर झारी कोरतात आणि कोहेनांच्या दगडावर आशीर्वादाचे दोन हात. गावात आता लेवी उरला नव्हता. सिनेगॉगचा कारभारी हेर्शच पाणी घालायचा आणि त्यातलं निम्मं योइलच्या बाहीत ओतायचा.

शिफ्रा आत जायची ती गेली नाही. बादलीची कडी चाळवत उभी राहिली.

"पासपोर्ट आला," ती म्हणाली. "सण झाले की निघते. इस्राएलला, हैफात, बहिणीकडे."

योइलने खिशातून सूर्यफुलाच्या बिया काढल्या आणि तशाच परत ठेवल्या.

"आणि मी?"

"तुम्हाला काय कमी? गावातला एकुलता एक कोहेन. साधं शिंकलात तरी हेर्श सूप घेऊन धावतो."

"थट्टा पुरे. जाऊ नकोस. आपण लग्न करू."

"लावणार कोण? सोडचिठ्ठी झालेल्या बाईशी कोहेनाचं लग्न लागत नाही, हे रब्बींनी तीनदा सांगितलंय. आता पुन्हा गेलात तर ते मागच्या दाराने पळतील."

"तुझ्या वडिलांसारखा साधा लेवी असतो तर केव्हाच लागलं असतं."

शिफ्रा बादलीतल्या पाण्याकडे बघत राहिली.

"मग सोडतो कोहेनपण," योइल म्हणाला. "आजच हेर्शला सांगून टाकतो."

"वेड लागलंय का तुम्हाला?" तिचा आवाज एकदम चढला. "युद्धानंतर छावणीतून परत आलात तेव्हा तुमच्या घरात चमचासुद्धा उरला नव्हता. माणसं तर सोडाच. हेर्शने विचारलं, कोण तुम्ही? तर म्हणालात, कोहेन. नाव नंतर सांगितलंत. मी तिथेच उभी होते. तेवढं एकच घेऊन आलात तुम्ही, आणि ते आता माझ्यापायी टाकणार? आणि आपली ती मूठभर म्हातारी माणसं? तुम्ही शाल डोक्यावरून ओढून हात उचलता ना, तेव्हा वर बायकांच्या सज्जात मी मान खाली घालते आणि मला वाटतं, आहोत अजून आपण."

तिने डोळे पुसले आणि बादली उचलून ती आत गेली.

योइलला रडू कोसळलं. साठी उलटलेला माणूस भर दुपारी रस्त्याकडेला बसून रडतोय, कोणी पाहिलं तर काय म्हणेल, याचीही त्याला पर्वा वाटली नाही. इतकी वर्षं गावाला आशीर्वाद दिले, आणि आपल्या वाट्याला काय आलं? फाटकाबाहेरचा बाक.

तो उठला. कोहेनपण सोडायचं तर असंच सोडायचं, चालत आत जाऊन. तिच्या डोळ्यांदेखत. मग तिला नाही म्हणायला जागाच उरणार नाही.

त्याने फाटकातून पाय आत टाकला. गवत गुडघ्यापर्यंत वाढलं होतं. अक्रोडाच्या झाडापलीकडे शिफ्रा दिसली, त्याच्याकडे पाठ करून, गुडघ्यांवर बसून दगड घासत होती. तिच्या डोक्यावरून आजोबांचं नाव वाचता येत होतं. ब्रशच्या आवाजात तिला त्याची चाहूल लागली नाही. पाणी मारायला ती जरा बाजूला सरकली.

हाक मारायला योइलने तोंड उघडलं, आणि त्याला नावाखालचं कोरीव काम दिसलं. हाक न मारता तो आला तसा, दगडांना धरत धरत परत फिरला आणि बाकावर येऊन बसला.

बऱ्याच वेळाने शिफ्रा रिकामी बादली घेऊन बाहेर आली. नाक लाल झालं होतं.

"झाले हात स्वच्छ?" त्याने दरवर्षीसारखं विचारलं.

"लख्ख. दहाही बोटं दिसतायत." तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "चेहरा का असा उतरलाय? मी जास्त बोलले का?"

"नाही. तू कमीच बोललीस."

कबरस्तानातून बाहेर पडलं की हात धुवायचे. पंपाशी पत्र्याची झारी असायची. शिफ्रा ती घ्यायला वळली, तर योइलने आधीच भरून हातात धरली होती.

"द्या इकडे. तुम्ही कशाला?" ती हसली. "पाणी घालायचं काम लेव्यांचं."

"हात पुढे कर," योइल म्हणाला. त्याने सावकाश पाणी ओतलं, तिच्या बाहीवर एक थेंबही न सांडता. "आजोबांच्या दगडावर हात नाहीत, शिफ्रा. झारी आहे."